क्रीडाजन्य स्नायू-इजांचे प्रतिमाचित्रण

खेळताना किंवा व्यायाम करताना स्नायूंना झालेल्या इजेचे स्थान, स्वरूप आणि व्याप्ती ठरविण्यासाठी क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांसारख्या साधनांनी शरीराच्या अंतर्भागाची चित्रे घेणे व त्यांचा अर्थ लावणे, यास क्रीडाजन्य स्नायू-इजांचे प्रतिमाचित्रण असे म्हणतात. क्रीडावैद्यक आणि क्ष-किरणनिदानशास्त्र या दोन शाखांच्या सीमेवरचा हा विषय आहे. स्नायू किती फाटला आहे, कंडरा शाबूत आहे काय, हाडाचा तुकडा निघाला आहे काय आणि खेळाडूने मैदानावर केव्हा परतावे, हे या तपासणीमागील प्रमुख प्रश्न होत. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांना प्रतिमाचित्रण बहुधा चांगले उत्तर देते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र केवळ चित्रावरून मिळत नाही.

== स्नायूची रचना आणि इजेचे प्रकार ==

सांगाड्याला जोडलेला स्नायू हा तंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असतो. प्रत्येक जुडग्याभोवती आणि संपूर्ण स्नायूभोवती संयोजी ऊतीचे आवरण असते. दोन्ही टोकांना स्नायू चिवट, पांढरट कंडरेत रूपांतरित होतो आणि ती कंडरा हाडाला चिकटते. स्नायू आणि कंडरा यांचा सांधा हा या साखळीतील दुबळा दुवा असून ताणामुळे होणाऱ्या बहुतेक इजा तेथेच होतात. अनेक स्नायूंत कंडरा स्नायूच्या आत बरीच खोलवर शिरलेली असते. त्यामुळे मांडीच्या मध्यभागी झालेली इजाही प्रत्यक्षात कंडरेजवळची असू शकते.

इजांचे स्थूलमानाने पुढील प्रकार केले जातात.

* ताणामुळे होणारी इजा : वेगाने धावताना, उडी मारताना किंवा एकाएकी दिशा बदलताना स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो आणि त्याचे तंतू तुटतात. बोलीभाषेत ‘चमक भरली’, ‘शीर ओढली गेली’ असे म्हणतात, ते बहुधा याच इजेला. दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू, म्हणजे मांडीच्या मागील हॅमस्ट्रिंग गटाचे स्नायू, मांडीच्या पुढील सरळ स्नायू आणि पोटरीचा वरचा स्नायू, या इजेला अधिक बळी पडतात.
* मुका मार : प्रतिस्पर्ध्याचा गुडघा, चेंडू किंवा जमीन यांचा थेट आघात होऊन स्नायू हाडावर चेंगरला जातो व आत रक्त साकळते. कबड्डीतील पकड आणि कुस्ती यांत हा प्रकार नेहमी दिसतो.
* उपटणीचा अस्थिभंग : कंडरा न तुटता ती जेथे चिकटलेली असते तेथील हाडाचाच तुकडा ओढून निघतो. हा प्रकार प्रामुख्याने किशोरवयात होतो.
* श्रमजन्य वेदना : सवय नसलेल्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणारा ठणका. हा आपोआप बरा होतो व त्यासाठी सामान्यतः कोणत्याही चित्राची गरज नसते.

युरोपातील व्यावसायिक फुटबॉल संघांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०११) एकूण इजांपैकी ३१ टक्के इजा स्नायूंच्या असल्याचे आढळले. त्यांतील ९२ टक्के इजा पायाच्या चार स्नायूगटांत होत्या : हॅमस्ट्रिंग ३७ टक्के, जांघेतील स्नायू २३ टक्के, मांडीच्या पुढील स्नायू १९ टक्के आणि पोटरी १३ टक्के.

== इतिहास ==

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता हाड पाहणे शक्य झाले. मात्र क्ष-किरणचित्रात निरनिराळे मऊ अवयव जवळजवळ सारख्याच छटेचे दिसतात. त्यामुळे स्नायूंच्या इजेचे निदान पुढेही अनेक दशके हाताच्या स्पर्शावर आणि अनुभवावरच अवलंबून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्राव्यातीत ध्वनीचा वैद्यकात उपयोग सुरू झाला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादावरून प्रतिमा मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. या तंत्राच्या विकासाबद्दल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एमआरआयमुळे स्नायू, कंडरा, चरबी आणि साचलेले पाणी यांतील फरक प्रथमच स्पष्टपणे दिसू लागला.

== तपासणीच्या पद्धती ==

=== शारीरिक तपासणी ===

कोणतेही चित्र घेण्यापूर्वी खेळाडूचा वृत्तांत ऐकणे व हाताने तपासणे आवश्यक असते. दुखणे एकाएकी सुरू झाले की हळूहळू, ‘फट्’ असा आवाज झाला काय, खेळ लगेच थांबवावा लागला काय, सूज व काळेनिळे डाग केव्हा दिसले, दाबल्यावर दुखणारा भाग किती लांब आहे, स्नायूचे बळ किती उणावले आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून अनुभवी वैद्य पुष्कळसे निदान करू शकतो.

=== क्ष-किरणचित्र ===

स्नायूतील फाट क्ष-किरणचित्रात दिसत नाही. तरीही उपटणीचा अस्थिभंग, सोबतचा अन्य अस्थिभंग आणि मुक्या मारानंतर स्नायूत तयार होणारे हाड ओळखण्यासाठी ही स्वस्त व सर्वत्र मिळणारी तपासणी उपयोगी ठरते.

=== सोनोग्राफी ===

सोनोग्राफीत मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र बनविले जाते. स्नायूंसाठी सामान्यतः ७ ते १५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचा सरळ पट्टीसारखा शोधक वापरतात. कंप्रता जितकी अधिक तितके चित्र बारकाईचे. परंतु ध्वनी तितकाच कमी खोल जातो. निरोगी स्नायू उभ्या छेदात पिसासारखा, समांतर रेघांचा दिसतो. तंतू तुटले की या रेघा खंडित होतात व साकळलेले रक्त बहुधा गडद पोकळीसारखे दिसते. ताज्या रक्तस्रावाची छटा मात्र वेगळी असू शकते.

या पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य असे की, रुग्णाला स्नायू आवळण्यास सांगून त्याची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते. तुटलेली टोके एकमेकांपासून दूर सरकतात काय हे त्यावरून कळते. दुसऱ्या पायाशी लगेच तुलना करता येते. किरणोत्सर्ग नसतो आणि खर्चही एमआरआयपेक्षा पुष्कळ कमी असतो. साकळलेले रक्त सुईने काढायचे असल्यास सुईची दिशा दाखविण्यासाठीही तिचा उपयोग होतो. तपासणाऱ्याच्या कौशल्यावर असलेली मोठी भिस्त, तसेच खोलवरच्या आणि किरकोळ इजा निसटण्याची शक्यता या तिच्या उणिवा होत.

=== एमआरआय ===

मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते व पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात या अणूंच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी उद्दीपित करून त्यांच्याकडून परत येणाऱ्या संकेतांवरून एमआरआयचे चित्र तयार होते. रुग्णालयांत नेहमी आढळणाऱ्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते.

इजा झालेल्या भागात पाणी साचते. चरबीचा संकेत दाबून पाण्याचा संकेत उजळ करणाऱ्या चित्रमालिकेत हा भाग करड्या स्नायूच्या पार्श्वभूमीवर पांढरा चमकतो. कंडरा एरवी काळी दिसते; ती जाड, नागमोडी किंवा खंडित दिसल्यास कंडरेला इजा झाल्याचे कळते. स्नायूच्या साध्या इजेसाठी शिरेतून रंजकद्रव्य देण्याची सहसा गरज पडत नाही.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसला तरी चुंबकाचा धोका असतो. हृदयातील पेसमेकर, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, काही जुनी धातूची रोपणे यांची माहिती आधी द्यावी लागते. लोखंडी वस्तू खोलीत नेणे प्राणघातक ठरू शकते : जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता.

=== सीटी स्कॅन ===

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा उपयोग होतो व हाडाचे तपशील उत्तम दिसतात. स्नायूतील फाटीसाठी ही पहिली तपासणी नव्हे. उपटलेल्या हाडाचा तुकडा किती सरकला आहे हे मोजणे आणि स्नायूत बनत असलेल्या हाडाची कडा पाहणे, एवढ्यापुरता तिचा वापर केला जातो.

== तपासणीची योग्य वेळ ==

इजेनंतर पहिल्या काही तासांत सूज व रक्तस्राव पूर्ण झालेला नसतो. त्यामुळे फार लवकर घेतलेले चित्र इजा कमी दाखवू शकते. सोनोग्राफीसाठी दुसरा ते तिसरा दिवस, तर एमआरआयसाठी पहिल्या दिवसानंतरचे काही दिवस सर्वसाधारणपणे योग्य मानले जातात. मात्र स्नायू पूर्ण तुटल्याची, हाड उपटल्याची अथवा पाय घट्ट होऊन बधिर पडू लागल्याची शंका असेल तर वाट पाहू नये. यांपैकी शेवटच्या लक्षणात स्नायूच्या बंदिस्त कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा खुंटतो. तेथे चित्रापेक्षा तातडीची शस्त्रक्रिया महत्त्वाची असते.

== प्रतवारी ==

पूर्वापार चालत आलेल्या प्रतवारीत तीन पायऱ्या आहेत : सौम्य (मोजके तंतू तुटलेले), मध्यम (अंशतः फाटलेला स्नायू) आणि तीव्र (पूर्णपणे तुटलेला स्नायू). ती समजण्यास सोपी असली तरी इजा स्नायूच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून पुढे अधिक तपशीलवार पद्धती मांडण्यात आल्या. म्युनिक येथील तज्ज्ञांच्या सहमतीतून आलेल्या पद्धतीत, चित्रात तंतू फाटल्याची खूण न दिसणाऱ्या कार्यात्मक विकारांना आणि प्रत्यक्ष फाटीला वेगळे स्थान देण्यात आले.

ब्रिटिश ॲथलेटिक्सची २०१४ ची पद्धत एमआरआयवर आधारलेली आहे. तिच्यातील प्रती पुढीलप्रमाणे आहेत.

* प्रत ० : दुखणे आहे, परंतु एमआरआय निर्दोष आहे किंवा केवळ श्रमजन्य बदल दिसतात.
* प्रत १ : सूज स्नायूच्या आडव्या छेदाच्या १० टक्क्यांहून कमी व लांबी ५ सेंमीहून कमी.
* प्रत २ : सूज छेदाच्या १० ते ५० टक्के अथवा लांबी ५ ते १५ सेंमी.
* प्रत ३ : सूज छेदाच्या ५० टक्क्यांहून अधिक अथवा लांबी १५ सेंमीहून अधिक.
* प्रत ४ : स्नायू किंवा कंडरा पूर्णपणे तुटलेली.

या अंकांना इजेच्या स्थानाची अक्षरे जोडतात : पहिले अक्षर स्नायूच्या बाह्य आवरणाजवळची इजा दाखविते, दुसरे स्नायू-कंडरा सांध्याची, तर तिसरे कंडरेच्या आतील. कंडरेच्या आतील इजा बरी होण्यास अधिक वेळ घेते व ती उलटण्याची भीतीही अधिक असते, असा या मांडणीमागील विचार आहे.

== उपयुक्तता आणि मर्यादा ==

एमआरआय किती उपयोगाचा, याविषयी क्रीडावैद्यकात एकमत नाही. युरोपातील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या हॅमस्ट्रिंग इजांच्या अभ्यासात (२०१२) एमआरआयवरील प्रत आणि खेळापासून दूर राहण्याचे दिवस यांचा संबंध दिसून आला : प्रत ० मध्ये सरासरी ८ दिवस, प्रत १ मध्ये १७, प्रत २ मध्ये २२ आणि प्रत ३ मध्ये ७३ दिवस. (येथील प्रती वरील ब्रिटिश पद्धतीतील नसून ० ते ३ अशा जुन्या पद्धतीतील आहेत.) त्याच अभ्यासात सुमारे ७० टक्के इजांमध्ये तंतू तुटल्याची कोणतीही खूण एमआरआयवर दिसली नाही, तरीही अनुपस्थितीच्या एकूण दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस याच इजांमुळे वाया गेले होते. याचा अर्थ असा की, ‘रिपोर्ट साफ आहे’ म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

दोहा येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १८० पुरुष खेळाडूंच्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक सावध करणारा आहे. मैदानावर परतण्याच्या काळातील तफावतीचा २९ टक्के भाग वृत्तांत व शारीरिक तपासणीवरून स्पष्ट होत होता. एमआरआयची माहिती जोडल्यावर त्यात केवळ २.८ टक्क्यांची भर पडली. २०१४ मधील आणखी एका अभ्यासात, पूर्ण बरे ठरवून खेळास परवानगी दिलेल्या खेळाडूंपैकी ८९ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये इजेची चमक अद्याप शिल्लक होती. म्हणून चित्र पूर्ण स्वच्छ होईपर्यंत खेळाडूला बसवून ठेवणेही शास्त्रीय नव्हे. वेदनारहित हालचाल, दोन्ही पायांचे समान बळ आणि पूर्ण वेगाने धावण्याची क्षमता हे परतीचे निकष आजही महत्त्वाचे मानले जातात.

पुढील परिस्थितीत मात्र प्रतिमाचित्रण टाळू नये, असे सर्वसाधारण मत आहे.

* बसण्याच्या हाडाजवळ एकाएकी तीव्र दुखणे, मोठा काळानिळा डाग व पाय मागे ओढण्याची असमर्थता.
* स्नायूत हाताला लागणारी खाच किंवा एका टोकाला जमलेला गोळा.
* पोटरीची अशी सूज की जिचे कारण स्पष्ट नाही. शिरेत रक्ताची गुठळी झाल्यासही असेच दुखते व रक्तप्रवाह दाखविणाऱ्या सोनोग्राफीने हा भेद कळतो.
* अपेक्षित काळात बरी न होणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी इजा.
* आठवडे उलटूनही न विरघळणारी वा वाढत जाणारी गाठ. मऊ ऊतीचा अर्बुद कधीकधी ‘जुना मार’ समजला जातो.

== किशोरवयीन खेळाडू ==

वाढत्या वयात कंडरा जेथे हाडाला चिकटते तेथे कूर्चेचा थर असतो व तो कंडरेपेक्षा दुबळा असतो. त्यामुळे प्रौढाचा जेथे स्नायू फाटतो तेथे चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाचे हाड उपटून निघू शकते. बसण्याचे हाड आणि कमरेच्या हाडाची पुढील दोन टोके ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. शालेय स्पर्धेत धावताना कमरेत किंवा नितंबात ‘कट्’ झाल्याची तक्रार असलेल्या विद्यार्थ्याचे साधे क्ष-किरणचित्र काढणे म्हणूनच आवश्यक ठरते. बहुतेकांना विश्रांती व कुबड्या पुरतात. तुकडा बराच, सुमारे दोन सेंमीहून अधिक, सरकला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. लचक समजून अशा पायाला जोराने ताणणे अपायकारक असते.

== मुका मार आणि स्नायूतील हाड ==

मांडीवरील जबर माराच्या जागी काही रुग्णांत स्नायूतच हाड तयार होते. क्ष-किरणचित्रात ते सामान्यतः तीन ते सहा आठवड्यांनी दिसू लागते; सोनोग्राफीत त्याची चाहूल त्याआधी लागू शकते. कडेला पक्के व मध्यभागी कच्चे असे त्याचे स्वरूप असते आणि त्यावरूनच ते हाडाच्या कर्करोगापासून वेगळे ओळखता येते. ताज्या मुक्या मारावर जोराने मालीश करणे किंवा शेकणे हा ग्रामीण भागातील सर्रास उपाय आहे. परंतु पहिल्या काही दिवसांत त्यामुळे रक्तस्राव वाढण्याचा व पुढे हाड बनण्याचा संभव वाढतो, असे मानले जाते. विश्रांती, थंड शेक, घट्ट पट्टी व पाय उंचावर ठेवणे हा सुरुवातीचा उपचार होय.

== भारतातील कायदेशीर बाजू ==

गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. या कायद्यानुसार सोनोग्राफीचे यंत्र व केंद्र यांची नोंदणी अनिवार्य असते. गर्भ दाखवू शकणारे यंत्र केवळ स्नायूंसाठी वापरावयाचे असले तरी त्यातून सुटका नाही. सहज हलविता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावरही नियमांनी निर्बंध घातले आहेत. परिणामी, परदेशांत संघाचे डॉक्टर मैदानाच्या कडेला हातातील सोनोग्राफी यंत्र वापरतात तसे भारतातील मैदानावर सहजासहजी करता येत नाही; खेळाडूला नोंदणीकृत केंद्रात न्यावे लागते. क्ष-किरण व सीटी यंत्रांच्या किरणोत्सर्ग-सुरक्षेचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

== वर्धा जिल्हा आणि विदर्भ ==

वर्धा जिल्ह्यातील आधुनिक रुग्णसेवेच्या परंपरेत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले; आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्यास संलग्न आहे. दोन्ही संस्थांत क्ष-किरणनिदान व अस्थिरोग हे विभाग आहेत. त्या दोन्ही वर्धा शहराच्या परिसरात असल्याने आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या तालुक्यांतील खेळाडूला अशा तपासणीसाठी बहुधा प्रवास करावा लागतो.

जिल्ह्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल व क्रिकेट खेळले जाते. खो-खोमधील अचानक उठून धावणे व वळणे, तसेच कबड्डीतील मांडी व घोट्याची पकड, यांतून मांडी व पोटरीच्या इजा होतात. खेळाडूंखेरीज पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या युवकांचा वर्गही मोठा आहे. या भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते, गोळाफेकही असते. पहाटे रस्त्यावर पुरेशा पूर्वतयारीविना वेगाने धावण्याच्या सरावात हॅमस्ट्रिंगची इजा होण्याचा धोका असतो. चाचणीची तारीख जवळ आली म्हणून दुखरा पाय घेऊन धावल्यास किरकोळ इजेची मोठी फाट होऊ शकते व नोकरीची संधीच हुकते. अशा वेळी महागड्या एमआरआयपेक्षा वेळेवर झालेली शारीरिक तपासणी आणि आवश्यकतेनुसार एक सोनोग्राफी पुष्कळदा पुरेशी असते.

विदर्भाच्या क्रिकेटमधील एक परिचित उदाहरण उमेश यादव यांचे आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत, दुसऱ्या डावातील आपले चौथे षटक टाकताना या वेगवान गोलंदाजाच्या पोटरीत दुखू लागले. संघाच्या वैद्यकीय चमूने तपासून त्यांना स्कॅनसाठी पाठविले. मालिकेतील उरलेले दोन्ही सामने त्यांना खेळता आले नाहीत. श्रीरामपूरचे झहीर खान यांना २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्‌स कसोटीच्या पहिल्याच दिवशी १३.३ षटके टाकल्यावर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे मैदान सोडावे लागले होते. नागपूर येथे जन्मलेले रोहित शर्मा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतील सरावात डाव्या हॅमस्ट्रिंगला इजा झाल्याने दक्षिण आफ्रिकेतील कसोटी मालिकेस मुकले.

आंतरराष्ट्रीय खेळाडूला काही तासांत स्कॅन, तज्ज्ञांचे मत आणि देखरेखीखालील पुनर्वसन मिळते. तालुक्याच्या मैदानावरील खेळाडूची इजा त्याच स्वरूपाची असते, परंतु त्याला यांपैकी बहुतेक सोयी आपल्या खर्चाने व प्रवास करून मिळवाव्या लागतात. त्यामुळे कोणाला तपासणीसाठी पुढे पाठवावयाचे आणि कोणाला विश्रांती व क्रमशः व्यायाम पुरे आहे, हे ओळखण्याची प्राथमिक जबाबदारी ग्रामीण भागात क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक व प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांच्यावर येते.